भुताखेतांचे केक घरच्या घरी: हॅलोविनच्या पार्टीसाठी जाळं, ममी, भोपळा आणि कपकेक

साताऱ्या-सांगलीत ३१ ऑक्टोबरच्या दुपारी क्रीमचा केक उघड्या गच्चीवर ठेवला, तर अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या कडा ओघळायला लागतात. हॅलोविनच्या केकची आखणी इथूनच करायची. पार्टी कुठे आहे, किती वाजता आहे, केक फ्रिजबाहेर किती वेळ राहणार आहे, हे आधी ठरवा आणि मग भूत निवडा. पार्टी गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर चॉकलेट गनाशचा (चॉकलेट आणि गरम क्रीमच्या मिश्रणाचा) जाळ्याचा केक घ्यावा, तो तग धरतो. घरात पंख्याखाली, दिवे लागल्यावर असेल तर क्रीमची ममी (पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्तचं प्रेत) चालते. मुलं पंधरा-वीस असतील आणि कापाकापीचा वैताग नको असेल तर कपकेक. भोपळ्याचा गोल केक सगळ्यांत देखणा होतो, पण वेळही सगळ्यांत जास्त खातो. पहिल्यांदाच केक सजवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. हॅलोविनची तारीख ठरलेली, दिवाळी मात्र मागेपुढे होते. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. अशा वर्षी गॅसवर चकल्या आणि फ्रिजमध्ये चटण्यांचे डबे असतात. क्रीम फ्रिजमधला वास पटकन ओढून घेतं, कांदा-लसणाचा तर हमखास. त्यामुळे केक नेहमी झाकणाच्या डब्यात किंवा खोक्यात ठेवावा आणि त्याच्यासाठी फ्रिजचा एक कप्पा आदल्या दिवशीच मोकळा करावा. सात इंची सजवलेला केक बोर्डासकट दहा इंच रुंद आणि साधारण सहा इंच उंच जागा घेतो. हे मोजून घ्या. केक तयार झाल्यावर फ्रिजचा कप्पा काढत बसणं म्हणजे अर्धी सजावट कप्प्यालाच फासणं.

मूळ केक: अंड्याशिवायचा चॉकलेट स्पंज

जाळं, ममी आणि कपकेक या तिन्हींसाठी हाच एक केक पुरतो. यात अंडं नाही, दूध नाही, लोणीही नाही, म्हणून तो दोन दिवस बाहेर झाकून ठेवला तरी बिघडत नाही आणि तेलामुळे फ्रिजमध्ये घट्टही होत नाही.

मैदा १९० ग्रॅम (दीड कप), साखर २०० ग्रॅम (बारीक दळलेली असेल तर बरं), कोको पावडर ३० ग्रॅम, खायचा सोडा १ सपाट छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, वास नसलेलं तेल ८० मिली, साधं पाणी २४० मिली, पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा आणि कप २४० मिलीचा. घरातला चहाचा कप या मापाचा नसतो.

१. सात इंची (१८ सेंमी) डब्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला. ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं तापत ठेवा. छोट्या ओटीजीमध्ये (टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू आणि डबा मधल्या जाळीवर.

२. मैदा, कोको, सोडा आणि मीठ दोनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या नंतर फोडता येत नाहीत. त्या फोडायला घोटत बसलं की केक चिवट होतो.

३. दुसऱ्या भांड्यात पाणी, साखर, तेल आणि इसेन्स साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात कोरडं मिश्रण घालून हलक्या हाताने, पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा.

४. व्हिनेगर अगदी शेवटी. ते सोड्याला भेटलं की बुडबुडे लगेच सुरू होतात. म्हणून ते घालून दहा-बारा वेळा ढवळा आणि डबा ताबडतोब ओव्हनमध्ये ठेवा. या टप्प्यावर फोन उचलला तर केक बसका होतो.

५. ३५ ते ४० मिनिटं भाजा. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. मध्यभागी टोचलेली काडी कोरडी आली की झालं. दहा मिनिटांनी डब्यातून काढा, पूर्ण गार करा आणि प्लास्टिक फिल्ममध्ये किंवा घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. ताजा केक कापला की चुरा पडतो, दुसऱ्या दिवशी सुरी सरळ जाते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा मोठा कुकर. तळाशी दीड कप जाड मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कुकरची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची, हे विसरू नका. मग डबा ठेवून मंद ते मध्यम आचेवर ४५ ते ५५ मिनिटं. कढईतल्या केकला वरून रंग येत नाही आणि झाकणाच्या वाफेचं पाणी वर टपकतं, म्हणून झाकणाच्या आतून सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून आचेपासून लांब ठेवा.

केक मध्ये खचला तर तो बहुतेक वेळा कच्चा असताना बाहेर काढलेला असतो, किंवा सोडा चमचा भरून, शीग लावून घातलेला असतो. वर डोंगर होऊन चिरला तर आच जास्त आहे. ओटीजीचा काटा आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून पुढच्या वेळी १६५ वर ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीला राहणाऱ्यांनी सोडा पाऊण चमचाच घ्यावा आणि पाणी दोन मोठे चमचे वाढवावं. सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे केक भराभर फुगतो आणि आतून शिजण्याआधीच बसतो. साताऱ्या-सांगलीत मात्र हा फेरफार करायची गरज नाही.

काळा रंग आणि बाकीचे रंग

हॅलोविनच्या केकची सगळ्यांत जास्त फसगत काळ्या रंगात होते. पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग कितीही ओता, आधी ते राखाडी होतं, मग जांभळट, मग कडू. खाणाऱ्यांचे दात-जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत काळे. काळा हवा तर सुरुवात गडद चॉकलेटपासून करा. डार्क गनाश किंवा भरपूर कोको घातलेलं क्रीम घ्या, त्यात थोडा काळा जेल रंग घाला आणि तीन-चार तास झाकून ठेवा. रंग मुरून आपोआप गडद होतो. खरं तर रात्रीच्या उजेडात डार्क चॉकलेट काळंच दिसतं, त्याला रंगाची गरजही पडत नाही.

नारिंगीसाठी चार भाग पिवळा आणि एक भाग लाल. रंग काडीच्या टोकाने घालायचा, बाटली पिळायची नाही. नुसत्या वितळवलेल्या चॉकलेटमध्ये मात्र पाण्यावर आधारलेला जेल रंग घातला की ते क्षणात दगडासारखं गोळा होतं, तिथे तेलावर आधारलेला, चॉकलेटसाठीचाच रंग लागतो. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. डबीवर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि घटकांची नावं नसतील तर ती घेऊ नका. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी म्हणजे खाण्याची चमकी नव्हे. काळ्या रंगासाठी कोळशाची पावडर घालायची टूम निघाली आहे, पण हा कोळसा पोटात औषधं शोषून घेतो. औषध चालू असलेलं एखादं मूल पाहुण्यांत असू शकतं, तेव्हा ती नकोच.

सांगलीची हळद वापरायचा मोह होतो. चिमूटभर हळद क्रीममध्ये पिवळा रंग देते, वासही फारसा कळत नाही. पण सोडा असलेल्या केकच्या पिठात घातली तर ती लालसर तपकिरी होते, कुंकू करतानाचीच ही किमया. तेव्हा हळद क्रीमपुरती ठेवा. बिटाचा रस गुलाबी छटा छान देतो, मात्र जैन पाहुणे असतील तर बीट टाळा. तीच गोष्ट मार्शमॅलोची. बहुतेकांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्या.

पहिला केक: कोळ्याचं जाळं

कमी कष्टात सगळ्यांत जास्त परिणाम साधणारा केक हाच.

लागणारं साहित्य: वरचा एक स्पंज, डार्क कंपाउंड चॉकलेट ३५० ग्रॅम, फ्रेश क्रीम २२५ मिली, व्हाइट कंपाउंड ५० ग्रॅम, तेल १ छोटा चमचा, बटर पेपर, टूथपिक. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते नुसतं वितळवून वापरता येतं आणि आपल्याकडच्या उन्हात टिकतंही बरं. चवीला खरं चॉकलेट सरस, पण ते टेम्पर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून-निववून घ्यावं लागतं. पार्टीच्या धांदलीत त्याच्या नादी लागू नये.

केकचा वरचा फुगवटा कापून सपाट करा आणि केक आडवा दोन भागांत कापा. ५० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात उकळून गार केलेला पाक प्रत्येक थरावर तीन-चार मोठे चमचे शिंपडा. चमच्याने एकाच जागी ओतलात तर तिथे चिखल होतो.

आतल्या भरावासाठी १५० ग्रॅम डार्क कंपाउंड बारीक चिरून त्यावर ७५ मिली गरम फ्रेश क्रीम ओता. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, खळखळून उकळायचं नाही. दोन मिनिटं तसंच ठेवून मग मधून बाहेर गोल ढवळा. हा गनाश सुरीने पसरेल इतका घट्ट झाला की अर्धा थरांमध्ये लावा आणि अर्ध्याचा पातळ हात सगळीकडून फिरवा, म्हणजे चुरा जागच्या जागी बसतो. केक पंधरा मिनिटंच फ्रिजमध्ये ठेवा, जास्त नको. कारण पुढे कळेल.

दरम्यान व्हाइट कंपाउंड तेल घालून गरम पाण्यावर वितळवा. वरच्या भांड्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नका आणि वाफेचा एक थेंबही आत पडू देऊ नका. पाणी लागलेलं चॉकलेट गोळा होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. ते बटर पेपरच्या कोनात भरा, मेंदीच्या कोनाला पाडतो तेवढंच छिद्र पाडा आणि कोन कोमट पाण्याच्या पेल्याशेजारी उभा ठेवा. हा कोन तयार असल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता उरलेलं २०० ग्रॅम डार्क आणि १५० मिली क्रीम यांचा पातळ गनाश करा. ओठाला लावून पाहिला तर जेमतेम कोमट लागला पाहिजे, थर्मामीटर असेल तर ३२ ते ३५ अंश. केक जाळीवर ठेवून खाली ताट ठेवा. गनाश मधोमध ओता, सुरीने एकदाच कडेपर्यंत ढकला आणि बाजूंनी ओघळू द्या. लगेच, एक-दोन मिनिटांच्या आत, पांढऱ्या कोनाने केंद्रापासून सुरू करून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर चार-पाच वर्तुळं काढा. टूथपिक मध्यभागी टेकवून कडेपर्यंत सरळ ओढा. अशा आठ रेघा. प्रत्येक रेघेनंतर टूथपिक फडक्याला पुसा, नाहीतर पांढऱ्याचा नि काळ्याचा राडा होतो. आधी चार दिशांना चार रेघा ओढून मग मधल्या चार ओढल्या की जाळं सारखं येतं.

इथे बिघडतं ते असं. वर्तुळं बुडून गेली तर गनाश फार गरम होता. टूथपिक ओढताना सालपट निघालं तर तो आळला होता किंवा केक फ्रिजमधून फार गार निघाला होता, म्हणूनच पंधरा मिनिटांची अट. गनाश फाटून तेल वेगळं झालं तर एक-दोन मोठे चमचे कोमट दूध घालून मधून जोरात ढवळा, बहुतेक वेळा जमून येतो. आणि सगळंच फसलं, तर वर बिस्किटांचा चुरा दाबा आणि कोळ्यांची संख्या वाढवा. जुनाट, पडक्या वाड्यातलं जाळं तसंही फाटकंच असतं.

कोळी साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा करावा. हा पेढा भाजलेला, तपकिरी आणि कोरडा असतो, आकार धरतो, उकाड्यात पाझरत नाही. एक पेढा कुस्करून मळा (कोरडा वाटला तर दुधाचे चार थेंब), त्याची एक मोठी आणि एक छोटी गोळी करा, दोन्ही वितळलेल्या डार्क कंपाउंडमध्ये बुडवून बटर पेपरवर जोडून ठेवा. पाय कोनाने बटर पेपरवर कोपरातून वाकलेल्या रेघांसारखे काढा आणि पाच मिनिटं फ्रिजमध्ये घट्ट करा. पाय आठ लागतात, पण बारा काढा, दोन-तीन मोडतातच. कोळ्याला सहाच पाय लावायची चूक इतकी सार्वत्रिक आहे की पार्टीतलं एखादं चौथीतलं पोर ती मोठ्याने सांगतंच.

दुसरा केक: ममी

हा शंभर टक्के क्रीमचा केक, म्हणून क्रीमबद्दल आधी दोन शब्द. दुकानातलं साधं फ्रेश क्रीम पंचवीस टक्के स्निग्धांशाचं असतं, ते कितीही फेटा, फुगणार नाही. गनाशला ते उत्तम, इथे निरुपयोगी. इथे व्हिपिंग क्रीम हवं. दुधाचं व्हिपिंग क्रीम चवीला सुरेख, पण उकाड्यात लवकर मान टाकतं. वनस्पती तेलाचं, गोठवून मिळणारं क्रीम ऑक्टोबरमध्ये जास्त भरवशाचं, आणि ते आधीच गोड असतं, साखर घालू नका. सात इंची केकला ३०० मिली पुरतं.

गोठलेलं क्रीम आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आणा. पातेलं आणि बीटरची पाती वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. क्रीममध्ये बर्फाचे बारीक कण असतानाच मध्यम वेगाने फेटायला घ्या, चार ते सहा मिनिटांत ते पाती उचलल्यावर टोक धरून उभं राहतं. टोक किंचित वाकतंय तिथे थांबा, पसरताना-भरताना ते आणखी घट्ट होणारच असतं. दाणेदार, फाटल्यासारखं दिसू लागलं तर जास्त फेटलं गेलं. मग दोन-तीन मोठे चमचे न फेटलेलं क्रीम घालून हाताने हलकेच मिसळा. याचसाठी थोडं क्रीम बाजूला राखून ठेवायचं.

केक कापून, पाक शिंपडून क्रीमचा थर द्या. वरून मात्र पहिला पातळ हात कोकोच्या क्रीमचा द्यावा: पाऊण वाटी फेटलेल्या क्रीममध्ये दोन मोठे चमचे चाळलेला कोको. पट्ट्यांच्या फटींतून काळोख दिसला की ममी ममीसारखी दिसते. पांढऱ्यावर पांढऱ्या पट्ट्या दिल्या तर ती नुसती पगडी वाटते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

सपाट फटीचं नोझल लावलेल्या पिशवीने पट्ट्या ओढा. आधी डोळ्यांची जागा ठरवून तिथे दोन डोळे चिकटवा आणि मग पट्ट्या त्यांच्या थोड्या वरून-खालून जाऊ द्या. पट्ट्या समांतर नकोत: एक तिरकी, पुढची तिच्यावरून उलटी तिरकी, मध्येच एक तुटलेली. हात थरथरला तरी चालतं, हा या केकचा मोठा गुण. सजवताना क्रीम मऊ पडू लागलं तर पिशवी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि परत सुरू करा. तळहाताची ऊब पिशवीतलं क्रीम वितळवते, म्हणून पिशवी एका वेळी अर्धीच भरायची.

क्रीमवर फॉन्डंटची (साखरेच्या लवचिक गोळ्याची) चित्रं आदल्या दिवशी लावू नयेत. ओलाव्याने ती पाघळतात आणि रंग खाली ओघळतो. लावायचीच असतील तर पार्टीच्या तासभर आधी.

डोळे आणि रक्त

डोळे हेच भुताचं खरं भांडवल. दूध पावडर आणि पिठीसाखर प्रत्येकी अर्धी वाटी चाळून त्यात तीन-चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क थोडं थोडं घालत मऊ गोळा मळा. चिकटला तर दूध पावडर वाढवा, चिरला तर कंडेन्स्ड मिल्कचा थेंब. हरभऱ्याएवढ्या गोळ्या चपट्या करून मध्ये चोकोचिप उलटी दाबा. तासगावकडचा हिरवा बेदाणा मध्ये बसवला तर डोळा किड्यासारखा हिरवट, पाणावलेला दिसतो, मुलांना तो जास्त आवडतो. दोन डोळे वेगवेगळ्या आकाराचे ठेवा आणि बुबुळं जरा तिरकी, म्हणजे चेहरा गोड न होता वेडसर होतो. हा गोळा हवेत वाळतो, तेव्हा ओल्या फडक्याखाली झाकून काम करा.

महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी ऑक्टोबरअखेर अजून बाजारात आलेली नसते, पण क्रश बारमाही मिळतो. १०० मिली स्ट्रॉबेरी क्रश मंद आचेवर ठेवा, १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे पाण्यात कालवून त्यात घाला आणि दोन-तीन मिनिटं, चमच्याला चिकटेपर्यंत शिजवा. नुसता क्रश जास्त गुलाबी दिसतो, त्यात चिमूटभर कोको आणि लाल रंगाचा एक थेंब घातला की साकळलेल्या रक्ताची छटा येते. पूर्ण गार झाल्यावर आणि केक वाढायच्या आधीच ओघळ सोडा, क्रीमवर तो तासाभरात पसरतो. अगदी लहान मुलांच्या पार्टीत रक्त वगळलं तरी कुणाचं काही अडत नाही.

तिसरा केक: लाल भोपळा

इथे स्पंजही भोपळ्याचाच. ४०० ग्रॅम लाल भोपळा किसून पाणी न घालता झाकण ठेवून शिजवा, मग झाकण काढून परता. आपल्या भोपळ्याला पाणी फार सुटतं. ते आटवलं नाही तर केक मध्ये शिऱ्यासारखा राहतो. गार करून वाटा आणि त्यातला २०० ग्रॅम गर मोजून घ्या. चमचा उभा राहील इतका घट्ट हवा.

गरात १६० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम घट्ट दही आणि ९० मिली तेल फेटा. २०० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, १ छोटा चमचा दालचिनी पूड, अर्धा छोटा चमचा सुंठ, थोडं जायफळ आणि चिमूट मीठ चाळून त्यात मिसळा. साखरेऐवजी गूळ घातला तर घारग्यांची चव येते, फक्त केक जास्त तपकिरी होतो. या केकला वरून रंग द्यायचाच आहे, तेव्हा खुशाल घाला.

आकारासाठी १३ सेंटिमीटर तोंडाची, गोल बुडाची, सारखी दोन स्टीलची भांडी. तेल लावून मैदा भुरभुरवा आणि दोन-तृतीयांश भरा. ती लवंडू नयेत म्हणून ओव्हनमध्ये छोट्या डब्यांच्या झाकणांवर किंवा फॉइलच्या कड्यावर बसवा. १६५ अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. मधला भाग जाड असल्याने आच वाढवून घाई केली तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं.

गार झालेल्या दोन्ही अर्धुकांचे फुगवटे कापा. खालच्या अर्धुकाच्या बुडाची पातळ चकती काढा, म्हणजे ते बोर्डावर गडगडत नाही, आणि बोर्डाला गनाशचा ठिपका लावून चिकटवा. दोघांच्या मध्ये भराव गनाशचाच. क्रीम वरच्या वजनाने बाजूने बाहेर येतं आणि वरचा अर्धा भोपळा हळूहळू घसरतो. वरून खाली एक जाड स्ट्रॉ सरळ खोचून केकच्या उंचीला कापा. वीस-तीस मिनिटं फ्रिज.

नारिंगी क्रीमचा पातळ हात द्या, परत वीस मिनिटं गार करा, मग जाड थर. भोपळ्याच्या खाचा चमच्याच्या पाठीने खालून वर ओढा, दहा-बारा पुरतात. चमचा दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. देठासाठी कंदी पेढा लांबट वळून टोकाला वाकवा. डोळे-नाकाचे त्रिकोण आणि दातेरी तोंड यांसाठी वितळलेलं डार्क कंपाउंड बटर पेपरवर पातळ पसरा, अर्धवट घट्ट झालं की सुरीने कापा. पूर्ण कडक झाल्यावर कापायला गेलात तर तुकडे उडतात. चेहरा क्रीम ओलं असतानाच दाबून बसवा.

एवढी यातायात नको असेल तर सात इंची सपाट केकला नारिंगी क्रीम लावा आणि वर तोच चेहरा. लांबून फोटोत फारसा फरक कळत नाही.

चौथा: भुतांचे कपकेक

चॉकलेट स्पंजच्या एका घाण्यात बारा होतात. कागदी साचे दोन-तृतीयांश भरा, १७५ अंशांवर १८ ते २० मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर एक सेंटिमीटर गोल छिद्राच्या नोझलने क्रीमचा मोठा ठिपका, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान असे तीन मजले चढवा. दाबणं थांबवून मग पिशवी वर उचला, तर टोक भुतासारखं निमुळतं येतं. दाबत दाबत उचललंत तर शेंडी लोंबते. वर दोन चोकोचिप डोळ्यांना. बारा कपकेकना २०० मिली क्रीम लागतं. कपकेक किंचितही गरम असेल तर भूत पायापासून सरकतं.

दिवाळीच्या फराळात तळलेली पांढरी कुरडई असेल तर तिचा तुकडा वर खोचला की पिंजारलेले केस होतात. ती दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडते, म्हणून वाढतानाच खोचावी. तिचा खारटपणा चॉकलेटबरोबर बरा लागतो.

वर लावायचे प्लास्टिकचे बारके कोळी तीन वर्षांखालची मुलं असतील तर आणूच नयेत, क्रीम लागलेली वस्तू मूल सरळ तोंडात घालतं.

वेळ आणि वाहतूक

शनिवारी संध्याकाळी पार्टी असेल तर गुरुवारी स्पंज, डोळे आणि कोळी. डोळे-कोळी कोरड्या डब्यात, फ्रिजबाहेर. शुक्रवारी पाक, भराव आणि पहिला हात (जाळ्याच्या केकचा पहिला हात मात्र शनिवारीच). शनिवारी दुपारी शेवटची सजावट, मग किमान दोन तास फ्रिज. सजावटीच्या वेळी वीज जाणार असेल तर क्रीम आधीच फेटून थंड कप्प्यात ठेवा आणि दार उघडझाप करू नका.

सांगलीहून मिरजेला किंवा साताऱ्यातून कोरेगावला न्यायचा असेल तर केक निघायच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्येच. खोक्यात बोर्डाखाली अँटी-स्लिप चटईचा तुकडा किंवा ओलसर फडकं. गाडीत सीटवर ठेवू नका, ती मागे उतरती असते. पुढच्या सीटसमोरची पायाखालची जागा सपाट, आणि तिथे एसीची हवाही लागते. दुचाकीवर फक्त जाळ्याचा केक किंवा डब्यात घट्ट बसवलेले कपकेक न्यावेत. गोल भोपळा दुचाकीवर पहिल्या गतिरोधकापर्यंतच भोपळा राहतो. त्याला न्यायचंच असेल तर दोन अर्धुकं वेगळी न्या आणि तिथे जोडा, सोबत थोडं नारिंगी क्रीम बर्फाच्या डब्यात.

जाळ्याचा केक वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर गनाश सुरीखाली तडकतो. ममी आणि भोपळा मात्र कापायच्या वेळीच फ्रिजमधून आणा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून दर कापाला वापरली तर काप स्वच्छ पडतो. उरलेला क्रीमचा केक झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो, पण दोन तासांहून जास्त वेळ उकाड्यात बाहेर राहिलेला परत फ्रिजमध्ये ठेवू नका, तो टाकूनच द्या.